वाचक विचारतात : दारापासून दारापर्यंत किती तास?

गेल्या अंकात मी नोकरी सांभाळून केलेल्या ट्रायथलॉनच्या तयारीविषयी लिहिलं आणि संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवून दिला. पोहणं, सायकल आणि पळणं एकामागोमाग एक करायचा हा खेळ. पण पत्रांत पोहण्याबद्दल फार थोडं आहे. बहुतेकांनी घराबद्दल लिहिलंय.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी कोल्हापुरात बँकेत आहे, वय ४६. घरी नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. गोव्याची ७०.३, म्हणजे अर्ध्या अंतराची आयर्नमॅन ट्रायथलॉन, तीनदा पुरी केली, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये कझाकस्तानात पूर्ण आयर्नमॅन. मी प्रशिक्षक नाही, डॉक्टरही नाही. जे केलं आणि जे चुकलं, त्यावरून ही उत्तरं आहेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : माझं वय ३८. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, राहायला चिंचवडला. बायकोही नोकरी करते. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोन. गोव्याच्या ७०.३ साठी नाव नोंदवलंय. प्लॅन आठवड्याला दहा तासांचा आहे, पण पहाटे चारला उठूनही तो पुरा होत नाही, आणि रात्री झोपायला साडेअकरा वाजतात. बायको काही बोलत नाही. मात्र पूर्वी 'आज किती झालं?' विचारायची, ते आता विचारत नाही. दहा तास कुठून काढू?

उत्तर : तुम्ही तासांचं विचारलंत, पण मला जास्त काळजी वाटली ती बायकोनं विचारायचं सोडल्याची. ते आधी घेते.

पूर्ण आयर्नमॅनची तयारी चालू होती तेव्हाची गोष्ट. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर पळणं, सगळं सतरा तासांच्या आत. कुणी विचारलं की मी सांगायची, आठवड्याला बारा तास लागतात. आमच्याकडे दुधाचा हिशोब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असतो. तारखेच्या चौकटीत किती लिटर आलं तो आकडा, नाही आलं तर फुली. मे संपला, दूधवाल्याचे पैसे काढायला मी कॅलेंडर खाली घेतलं, तर दुधाच्या आकड्यांखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात दुसरेच आकडे होते. १॥, २, १॥, मग एक मोकळी चौकट, २॥, ६॥. अक्षर आमच्या ह्यांचं. ते शाळेत शिक्षक आहेत, दीड-अडीच अजून जुन्या पद्धतीनं दोन उभ्या रेघा ओढून लिहितात. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू घराबाहेर किती असतेस ते लिहीत होतो. तक्रार नाही. मोजून बघावं म्हटलं."

बेरीज चौऱ्याहत्तर तास निघाली. बारा तासांच्या हिशोबानं महिन्याचे त्रेपन्न-चौपन्न व्हायला हवे होते. वरचे वीस तास कुठले, ते शोधायला रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही दोघं बसलो. तलावापर्यंतचं जाणं-येणं होतं. ग्रुपमधला शेवटचा भिडू येईपर्यंत शिवाजी पुलाशी थांबणं होतं. पन्हाळा उतरल्यावरचा चहा, आणि त्या चहाबरोबरच्या गप्पा होत्या. घरी आल्यावर सायकल पुसणं, ओले कपडे, दुपारची झोप, मोबाईलवर आकडे न्याहाळणं हे तर त्यांनी धरलंही नव्हतं. मी बारा म्हणत होते ते माझ्या मनगटावरच्या घड्याळातले. घरानं मोजलेले वेगळे होते, आणि खरे होते.

तेव्हापासून मी तास दारापासून दारापर्यंत मोजते. चप्पल घातली तिथपासून, परत येऊन अंघोळ करून घरातल्या कामाला हात लागला तिथपर्यंत. तुम्हीही एक महिना हेच करा, आणि स्वतः लिहा. बायकोला लिहायला लावू नका, आणखी एक काम तिच्या गळ्यात पडेल.

आता गणित. ७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. वेळ साडेआठ तास. पोहायला ५५ मिनिटं धरा. सायकल ताशी २५ च्या वेगानं ३ तास ३६ मिनिटं. पळणं किलोमीटरला ८ मिनिटांनी २ तास ४९ मिनिटं. मधे बूट-कपडे बदलायला १५ मिनिटं. झाले ७ तास ३५ मिनिटं, म्हणजे पंचावन्न मिनिटं हाताशी उरली. यात कुठंच फार वेग लागत नाही. पहिल्यांदा करणाऱ्या नोकरदाराला आठवड्याला सात-आठ तास पुरतात, मात्र ते सोळा-अठरा आठवडे खंड न पाडता हवेत. दहा तासांचा प्लॅन चार आठवडे रेटून पाचव्या आठवड्यात तापानं झोपलेले मी पुष्कळ बघितलेत.

माझा ७०.३ चा आठवडा असा बसतो. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी पाऊण तास पळणं, तेही घराच्या दारातूनच, गाडी न काढता. सोमवारी आणि शुक्रवारी पोहणं, पाण्यात पंचेचाळीस मिनिटं. पोहण्यात दमापेक्षा हातपाय कसे चालतात त्याला महत्त्व, म्हणून तिथं तास वाढवत नाही, चूक दुरुस्त करते. बुधवारी संध्याकाळी तासभर ट्रेनरवर, म्हणजे मागचं चाक स्टँडला लावून घरातच सायकल. धाकटा तिसरीत होता तेव्हा त्याच खोलीत गृहपाठाला बसायचा आणि मी पेडल मारता मारता त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यायची. एकोणीसचा पाढा त्याच्याबरोबर अडखळल्याशिवाय म्हणता आला की समजायचं, जोर बेताचा आहे. बेस, म्हणजे लांब वेळ टिकायचा पाया, तयार करायला एवढाच जोर हवा असतो. रविवारी पहाटे पाचला सायकल, तीन तास, आणि उतरल्या उतरल्या वीस मिनिटं पळणं. त्याला ब्रिक म्हणतात. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडाचे होतात, त्यांना पळायची सवय त्यानंच लागते. नऊच्या आत मी घरी असते. शनिवार मोकळा. सगळे मिळून सात तास वीस मिनिटं.

तुम्हाला चिंचवडहून हिंजवडीला रोज जावं लागतंच. ऑफिसात अंघोळीची सोय असेल तर आठवड्यातून दोन दिवस सायकलनं जा. तुमचे ते तास आधीच घराबाहेर गेलेले आहेत, त्यांतलेच वापरले तर घरातून नवं काही उचललं जात नाही. घरून काम असेल त्या दिवशी ट्रॅफिकमधले वाचलेले तास घ्या.

आणि झोप. साडेअकरा ते चार म्हणजे साडेचार तास. एवढ्या झोपेवर कसलीच तयारी होत नाही. व्यायामात शरीर झिजतं आणि झोपेत भरून निघतं, तिथंच तुम्ही कात्री लावलीत. आठवड्यातून दोनच दिवस पहाटे उठा आणि त्याच्या आदल्या रात्री साडेनऊला आडवे व्हा. धाकट्यानं रात्री तीनदा उठवलं असेल तर सकाळचं पळणं सरळ रद्द करा. ते दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. गेलं ते गेलं.

आपली तयारी आपल्याच पंचांगात बसवावी लागते, हेही सांगते. बाहेरून आलेल्या प्लॅनमध्ये गौरी-गणपती नसतात. गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे सगळ्यात जड आठवडे नेमके भाद्रपद-आश्विनात. २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला बसले आणि स्पर्धा २७ ऑक्टोबरला होती. मी प्लॅन हातात घेतल्यावर सगळ्यात आधी गौरींचे तीन दिवस खोडले आणि तो आठवडा हलका ठेवला. तसाही तीन आठवडे चढवल्यावर चौथा उतरवायचा असतो, तो सणाला उतरवला. ३० सप्टेंबरला बँकेत सहामाही क्लोजिंग असतं. त्याच्या अलीकडचे चार दिवस माझ्या प्लॅनमध्ये कोरे असतात. तुमच्या कामातलं रिलीज कधी आहे, मुलीच्या शाळेचं गॅदरिंग कधी आहे, ते आधी भरा आणि उरलेल्या जागेत व्यायाम घाला.

शेवटी बायकोशी बोलणं. 'मी जाऊ ना?' असं रोज रात्री विचारू नका. त्याला नाही म्हणणारं माणूस वाईट ठरतं, म्हणून ती गप्प बसते. एक रविवार मुलांना आजीकडे सोडा, कागद पुढ्यात घ्या आणि तिला विचारा, तुला आठवड्यात कुठले तास हवेत? ते तास पेनानं लिहा. तुमचे पेन्सिलीनं.

प्रश्न : नवरा पूर्ण आयर्नमॅनची तयारी करतोय. दर शनिवारी-रविवारी पहाटे साडेचारला जातो तो दुपारी एकला येतो, जेवतो आणि झोपतो. मुलगा पाच वर्षांचा आहे. मी शाळेत असताना खो-खो खेळायचे, मला खेळाचं वावडं नाही. पण काही बोललं की सासरचे आणि माहेरचेही म्हणतात, 'अगं, दारू तर पीत नाही ना? चांगलंच करतोय.' माझंच चुकतंय का? — वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं काहीही चुकत नाही. हे मी एक आयर्नमॅन पुरी केलेली बाई म्हणून ठामपणे सांगते.

'दारू तर पीत नाही ना' हे वाक्य माझ्या ग्रुपमधल्या कितीतरी पुरुषांच्या घरी मी ऐकलंय. निर्व्यसनी असणं चांगलंच. पण त्यानं दोन दिवस पाच वर्षांच्या मुलाकडे कुणी बघायचं, याचं उत्तर मिळत नाही. मी रविवारी सायकल घेऊन निघाले की शेजारी, नातेवाईक, बँकेतले सहकारी हमखास विचारतात, 'मग स्वयंपाकाचं कसं?' माझ्याबरोबर सायकल चालवणाऱ्या पुरुषांना गेल्या आठ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही. तुमचा नवरा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. त्याला कुणी विचारलंच नाही, म्हणून त्याला दिसत नाही.

तुमच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीनं रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पुरी केली. अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडायची ही सायकल शर्यत. तुमच्या यजमानांना ही नावं पाठ असतील. त्यांना एवढंच विचारा, की त्या शर्यतीत सायकलस्वाराच्या मागून गाडी घेऊन येणारी माणसं नसती तर चाक रस्त्याला लागलं असतं का? नसतंच लागलं. क्रूशिवाय त्या शर्यतीत उतरता येत नाही. कोण गाडी चालवणार, कोण खायला देणार, कोण कधी झोपणार, हे महिनोन्‌महिने आधी ठरतं, आणि त्या माणसांना आधी विचारलेलं असतं. तुमच्या घरात क्रूचं काम तुम्ही करताय, फक्त तुम्हाला कुणी विचारलेलं नाही.

आता त्याच्यापुढे ठेवायच्या गोष्टी. पूर्ण आयर्नमॅनला पाच-सहा तासांच्या सायकली लागतात हे खरं, पण त्या शेवटच्या दहा-बारा आठवड्यांत. वर्षभर दर शनिवारी नाही. लांब सायकल आणि लांब पळणं हे दोन्ही शनिवार-रविवारीच लागतं असंही नाही. लांब पळणं बुधवारी सकाळी उरकता येतं, मी तेच करायची. साडेचारला निघालेला माणूस सहा तास सायकल चालवून साडेदहाला घरी येतो. एकला येत असेल तर मधले अडीच तास चहाचे आहेत. आणि घरी आल्यावर झोप हवीच असेल तर चाळीस मिनिटं, त्यानंतर मुलगा रात्री झोपेपर्यंत त्याच्या ताब्यात. दमलेल्या बापाबरोबर जमिनीवर बसून गाड्या खेळता येतात.

महिन्यातला एक रविवार पूर्ण सोडायला सांगा. सायकल नाही, पळणं नाही, पहाटेचा गजर नाही. त्यानं तयारी बिघडत नाही, उलट अंगाला विसावा मिळतो.

दुसरं तुमच्यासाठी. आठवड्यातले तीन तास तुमच्या नावावर करून घ्या आणि त्यांत घरातलं काही काम करू नका. खो-खो खेळलेल्या बाईचे पाय विसरत नाहीत. मैदान जवळ असेल तर मुलींना शिकवायला जा, नाहीतर नुसतं बसून राहा. ते तास कशासाठी हवेत हे कुणाला सांगायची गरज नाही.

आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचे पैसे भरण्याआधी त्यानं तुमच्याशी बोलायचं, हे आत्ताच कबूल करून घ्या. पैसे भरले की 'आता भरलेत ना' म्हणून सगळी चर्चा संपते. मीही एकदा तसं केलंय, आणि ते बरोबर नव्हतं.

प्रश्न : पहिल्या ७०.३ साठी केवढ्याची सायकल घ्यावी? मित्र दीड-दोन लाखांच्या सांगतात. वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा तो रबरी पोशाख, लागतो का? आणि ते पाकिटातले ताकदीचे जेल फार महाग पडतात, घरचं खाऊन चालेल का? — वाचक, सावंतवाडी

उत्तर : ॲल्युमिनियमची साधी रोड बाईक चालेल, जुनी घेतलीत तरी चालेल. कर्ज काढून घेऊ नका. फ्रेम तुमच्या मापाची हवी, आणि सीट-हँडल जाणकाराकडून बसवून घ्या, त्यावर गुडघा आणि कंबर टिकते. पुढचा-मागचा दिवा आणि चांगलं हेल्मेट यांत काटकसर नको.

वेटसूट गोव्यासाठी घेऊ नका. पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की तो घालता येत नाही आणि मिरामारचं पाणी चांगलंच कोमट असतं. त्या पैशात दोन वेळा मालवणला जाऊन लाटांत पोहायचा सराव करा. तलावात तळ दिसतो, भिंत दिसते. समुद्रात मान वर काढून बघितल्याशिवाय दिशा कळत नाही, तो सराव वेगळा करावा लागतो.

घरचं खाऊन नक्की चालतं. सायकलवर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात पंचवीस-एक ग्रॅम असतात. खजूर, राजगिऱ्याची वडी, गूळपोळीचे तुकडे हे सगळं मी खाल्लंय. पाण्यात मीठ-साखर घालून कोकमाचं सरबत तुमच्याकडचं, त्याहून चांगलं मला काही सापडलं नाही. घाम किती जातो ते बघायचं तर तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. किलोभर घटलं तर साधारण लिटरभर घाम गेला. मात्र स्पर्धेच्या दिवशी नवीन काही खाऊ नका. पळताना काही जणांना घन पदार्थ सोसत नाहीत, तेवढ्यापुरते दोन जेल खिशात ठेवा.

प्रश्न : मी नर्स आहे, वय ३४. ड्यूटी तीन पाळ्यांत फिरते. मुलगी चार वर्षांची, तिला सासूबाई सांभाळतात. मला ट्रायथलॉन करायचंय, पण 'सोमवारी हे, मंगळवारी ते' असा कुठलाच प्लॅन मला बसत नाही. सासूबाई म्हणतात, 'पळून पळून कुठं पोचायचंय तुला?' — वाचक, सोलापूर

उत्तर : वार सोडून द्या. ड्यूटीचा तक्ता हातात आला की त्यावरच लिहा. दुपारपाळी असेल तर सकाळी पोहणं किंवा सायकल. सकाळपाळी असेल तर संध्याकाळी अर्धा तास पळणं. रात्रपाळीहून आल्यावर काहीही नाही, आधी झोप. रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी सायकल घेऊन रस्त्यावर जाऊ नका, हे कळकळीनं सांगते. आठवड्यात तीन व्यायाम झाले की आठवडा पुरा झाला असं धरा, चौथा झाला तर तो वरचा.

सुरुवात स्प्रिंटनं करा. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. तीन व्यायामांत त्याची तयारी तीन-चार महिन्यांत होते. तुम्ही स्वतः नर्स आहात, तरी आठवण करते, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठाही तपासून घ्या. आपल्याकडे बायका थकवा अंगवळणी पाडून घेतात. मी दोन महिने पळण्याचा वेग का पडतोय म्हणून प्लॅन बदलत बसले होते, आणि अंगात लोहच नव्हतं.

सोलापुरात उन्हाचं मी सांगायला नको. मार्च ते जून पळणं सकाळी सातच्या आत किंवा नाहीच.

सासूबाईंचं. त्यांच्या प्रश्नात राग असेलच असं नाही. चार वर्षांच्या मुलीमागं धावताना त्यांचे गुडघे दुखत असतील, आणि तुम्ही त्याच वेळी पळायला जाता. त्यांची सुट्टी ठरवा. तुमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मुलगी पूर्ण तुमच्याकडे, त्यांनी भजनाला जावं, बहिणीकडे जावं. माझ्या सासूबाई पहिली दोन वर्षं माझ्या पळण्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मग गोव्याला आल्या. मिरामारला सकाळी सहापासून छत्री घेऊन उभ्या होत्या. मी पळण्याच्या दुसऱ्या फेरीला आले तेव्हा त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, माझ्या मागून लंगडत येणाऱ्या एका साठीच्या बाईंना ओरडून सांगत होत्या, "हळू चला, पण थांबू नका!" घरी आल्यावर त्यांनी विचारलं, त्या बाई पोचल्या का? मी निकाल उघडून दाखवला. पोचल्या होत्या.

प्रश्न : वय ५२, सरकारी कार्यालयात आहे. तीन आठवड्यांपूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून एकही व्यायाम झालेला नाही. ७०.३ ला सात आठवडे उरलेत. भाऊ मुंबईत असतो. राहिलेला सराव दुप्पट करून भरून काढता येईल का? की जाऊच नये? मन लागत नाही. — वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुप्पट करून काहीही भरून निघत नाही, दुखापत मात्र होते. पण तीन आठवड्यांत सगळं वाहून गेलं असंही नाही.

२०१९ चा ऑगस्ट. ऑक्टोबरच्या २० तारखेला गोव्यात पहिल्यांदाच ७०.३ होणार होती आणि माझीही ती पहिलीच. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर हायवे बंद पडला. आंबेवाडीची नणंद, तिच्या घरची माणसं आणि शेजारची दोन मुलं, नऊ जण आमच्याकडे आले. शहरात पूर आणि नळाला पाणी नाही. टँकर आला की आम्ही खालून तिसऱ्या मजल्यावर घागरी चढवायचो. अठरा दिवस मी सायकलला हात लावला नाही, आणि तेव्हा ते मनातही आलं नाही. नणंदेचं घर धुऊन दिल्यावर, चिखल काढल्यावर एका सकाळी बूट घातले आणि वाटलं, गेलं सगळं. पहिल्या आठवड्यात दम लागत होता. दुसऱ्यात कमी लागला. चौथ्या आठवड्यात मी जुलैत होते तिथं परत आले. दोन-तीन आठवडे थांबलं तर आधी रक्तातला द्रव घटतो, म्हणून दम लागतो, पण तो लवकर भरून येतो. महिनोन्‌महिने कमावलेलं इतक्या लवकर जात नाही. मी ती स्पर्धा ७ तास ५२ मिनिटांत पुरी केली.

तेव्हा सात आठवडे शरीराला पुरतील. पहिला आठवडा निम्म्या वेळेनं, दुसरा पाऊणपट, मग प्लॅनमध्ये जिथं तारीख असेल तिथून पुढे. मागचं मागं ठेवायचं.

मनाचं वेगळं आहे. २०२३ ला मी नाव नोंदवलं होतं आणि गेले नाही. वडील सांगलीला आयसीयूत होते. ८ ऑक्टोबरच्या सकाळी मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहा घेऊन बसले होते आणि ग्रुपवर मिरामारचे फोटो येत होते. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण नऊला भेटायची वेळ झाली, मी वर गेले, त्यांचे पाय चोळले, आणि त्या दिवशी दुसरीकडे कुठं असावं असं मला एकदाही वाटलं नाही. ते दिवाळीनंतर गेले. स्पर्धा २०२४ ला परत आली, तेव्हा केली.

तुमच्या वडिलांचं तसं नाही. ते बरे होऊ शकतात, आणि झटक्यानंतरचे पहिले तीन महिने त्यासाठी मोलाचे असतात. फिजिओथेरपिस्टनं दिलेले हाताचे-पायाचे व्यायाम रोज, ठरल्या वेळी, न कंटाळता करून घ्यावे लागतात. रोज एकच गोष्ट चिकाटीनं करायचं काय ते तुम्हाला चांगलं माहीत आहे, तेव्हा ते काम तुमच्याइतकं चांगलं घरात कुणी करणार नाही. सकाळचा एक तास त्यांचा धरा, तो हलवू नका. तुमचं पळणं त्यानंतर, किंवा बहीण, भावजय, शेजारचं कुणी त्यांच्यापाशी बसेल तेव्हा. एकट्या आईवर टाकून जाऊ नका, उठवताना-बसवताना दोन माणसं लागतात.

भावाला आज फोन करा. स्पर्धेच्या चार दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत तो रत्नागिरीला येऊन राहील का, एवढंच विचारा. आणि स्पर्धेच्या तीन आठवडे आधीची एक तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा. त्या दिवशी वडील धरून दहा पावलं चालत असतील, भाऊ येणार असेल, तर जा. नसेल, तर त्याच दिवशी कळवून टाका आणि विषय संपवा. मधल्या काळात रोज रात्री तोच विचार करू नका. काय झालं ते मला पत्रानं जरूर कळवा, वडिलांचंही.